दोघं झाले की कळप

आमच्याकडे एकटा लांडगा दिसला की पारावरचं बोलणं ठरलेलं असतं. कळपानं हाकलून दिला असणार. म्हातारा झाला असेल. नाहीतर म्होरक्याशी झुंज घेतली आणि हरला, आता सगळा राग बकऱ्यांवर काढेल. एखादा तर छातीठोकपणे सांगतो, की एकटा फिरणारा लांडगा पिसाळलेलाच असतो, दिसल्याबरोबर बंदोबस्त करा. या बोलण्यामागची भीती खोटी नाही. ज्याचं घर चार बकऱ्यांवर चालतं त्याला भीती वाटणारच. पण त्या जनावरावर जो आरोप होतो, तो मला सहन होत नाही. एकटा लांडगा बहुतेक वेळा हरलेला नसतो, आजारी नसतो, वाईट चालीचाही नसतो. तो वयात आलेला असतो आणि घर सोडून निघालेला असतो.

मी राहतो तो भाग वाशिम जिल्ह्यात, कारंज्याच्या बाजूला. काळ्या मातीचं वावर संपलं की इथे मुरमाड टेकाड लागतं. त्यावर कुसळी आणि पवन्या गवत, मधे बोरी, बाभळी, हिवर, कुठे पळस. अशा जागेला, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीला, आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. तिकडे वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडे गेलं की महसुली कागदावर अशाच रानाची नोंद झुडपी जंगल अशी सापडते. कागदावर या जागा पडीक दिसतात. गुराख्याला, धनगराला, काळविटाला, खोकडाला आणि लांडग्याला त्या पडीक नाहीत. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाला ताडोबा आठवतो, मेळघाट आठवतो, वाघ आठवतो. लांडग्याचा विदर्भ वेगळा आहे. तो आमच्या धुऱ्याला लागून आहे.

मी पाहिला तो एकटा लांडगा हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत. आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, तेव्हा रात्रीची लाईन होती, म्हणून पहाटेपर्यंत वावरातच होतो. फटफटायच्या वेळी तो तुरीच्या कडेनं आला. पाय उंच, अंग बारीक, रंग वाळल्या गवतात मिसळणारा. गावकुत्रं रेंगाळतं, वास घेतं, परत फिरतं. हा सरळ चालत होता, मान खाली, एका पावलापुढे दुसरं पाऊल. मला पाहून थांबला, वारा घेतला आणि नाल्याकडे उतरला. त्याच्या मागे कोणी नव्हतं, पुढेही कोणी नव्हतं.

शेजारच्या रिकाम्या वावरात तेव्हा मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांचे मालक दरवर्षी आमच्या शिवारात येतात. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांना सांगितलं तर ते जागचे हललेही नाहीत.

“थो फिरस्ता हाय, बापू,” मामा म्हणाले. “जवान गडी हाय. एकटा काय करन? ससा मारन, उंदरं खाईन, चुकलं-माकलं कोकरू उचलन. दोघं झाले का मंग इथंच राहतीन. मंग आपल्याले बी पहारा लावा लागते.”

मामांना जे उघड दिसत होतं, ते पुस्तकांतून बरीच वर्षं उलटं छापलं गेलं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर एक निबंध लिहिला. ते लांडगे एका कुंपणात कोंडलेले होते. त्यांना बाहेर जायची सोय नव्हती, म्हणून ते भांडत होते, एकमेकांना दाबत होते, वरचढ ठरायला झगडत होते. त्या निरीक्षणातून जगभर समज पसरला की लांडग्यांचा कळप म्हणजे सत्तेची लढाई. जो जिंकतो तो राज्य करतो आणि जो हरतो तो एकटा पडतो. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकानं हा समज आणखी घराघरांत नेला. पण पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर, रानातल्या लांडग्यांजवळ कितीतरी उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे एक कुटुंब असतं. आई, बाप, यंदाची पिल्लं आणि मागच्या एक-दोन वेतांतली मोठी मुलं. म्होरकेपण जिंकून मिळत नाही. पिल्लं झाली की नर-मादी आपोआप पुढे होतात, कारण ते आईबाप असतात. आपल्याच जुन्या पुस्तकाची छपाई थांबावी म्हणून मेक प्रकाशकांच्या मागे लागले आणि ती अखेर २०२२ मध्ये थांबली. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध असं उभं राहणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

एकदा हे मान्य केलं की एकटा लांडगा कुठून येतो याचं उत्तर सोपं होतं. तो घरातून येतो. पिल्लू साधारण दहा महिन्यांचं झाल्यापासून तिसरं वर्ष संपेपर्यंत कधीतरी त्याच्या पायात वाट शिरते. नराच्याही आणि मादीच्याही. काही जण थोडे दिवस बाहेर फिरून घरी येतात, पुन्हा जातात, पुन्हा येतात आणि मग एकदा येत नाहीत. खायला कमी असेल तर मुलं लवकर निघतात. शिकार भरपूर असेल तर आईबापांजवळ जास्त काळ राहतात, धाकट्या भावंडांना अन्न आणून देतात, पिल्लांची राखण करतात. शिकारीवर आईबाप आधी धाकट्यांना खाऊ देतात आणि मोठ्यांना गुरगुरून बाजूला ठेवतात. विणीचा हंगाम आला की घरातला ताण वाढतो. पण हाकलून देण्यापर्यंत गोष्ट जायलाच पाहिजे असं नाही. घरात जोडीदार मिळणार नसतो हेच पुरेसं कारण असतं. ज्यांच्याबरोबर वाढलो त्यांच्याशी जोडी करायची नाही, हे लांडगे सहसा कटाक्षानं पाळतात.

मामांच्या घरातही असंच झालं होतं. थोरल्यानं लग्नानंतर वेगळी चूल मांडली तेव्हा मामांनी त्याला मेंढ्यांचा वाटा काढून दिला आणि तो दुसऱ्या शिवाराकडे गेला. भांडण झालं नव्हतं. एका रानात दोन खांडं पोसत नाहीत, एवढाच हिशेब होता. फरक इतकाच की लांडग्याच्या पोराला वाटा मिळत नाही. तो रिकाम्या पायांनी निघतो.

आणि तो काळ त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण असतो. घरी असताना पाच-सहा जणांनी मिळून रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू किंवा काळवीट गाठता येतं. एकट्याला ते सहसा जमत नाही. त्याच्या वाट्याला ससे, उंदीर, मेलेली गुरं आणि राखण ढिली असेल तिथली शेळी येते. प्रत्येक रान कोणाचं तरी असतं आणि परक्या कळपाच्या हद्दीत सापडला तर जीव जाऊ शकतो. म्हणून एकटा लांडगा फारसा ओरडत नाही. कळप रात्री हाळी घालतो तेव्हा तो सहसा गप्प राहतो. दगडावर, झुडपावर लघवीच्या खुणाही कमीच सोडतो. त्याला कोणाला सांगायचं नसतं की मी इथे आहे, आणि त्याच वेळी त्याला कोणीतरी भेटायला हवं असतं. अनोळखी रस्ते, अनोळखी कुत्री, वीजतारा, विषप्रयोग, या सगळ्यांतून तो जातो. घरी राहिलेल्यांपेक्षा असे फिरस्ते जास्त मरतात. कोणत्याही वेळी रानात असलेल्या लांडग्यांपैकी साधारण दहा-पंधरा टक्के असे एकटे असतात असं अभ्यासक सांगतात. म्हणजे एकटेपण ही लांडग्याची जात नव्हे. ती त्याच्या वयातली एक अवस्था आहे, बहुतेक लांडग्यांना यावी लागणारी.

वाघाचं तसं नाही. आमच्या लोकांना तो वाघ अजून आठवतो, जो २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघाला आणि तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेता-शिवारांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची चाल कळली. शेवटी मोजणी सुमारे तीन हजार किलोमीटरवर गेली. ज्ञानगंगेत त्याला वाघीण मिळाली नाही. पण वाघ एकटा जगू शकतो, त्याची शिकारच एकट्याची असते. लांडग्याला एकटं राहणं परवडत नाही. म्हणून लांडग्याची वाट जागेपेक्षा सोबतीकडे जास्त जाते. जागा रिकामी सापडली तरी तो दुसऱ्याची वाट पाहत फिरत राहतो.

किती फिरावं? अमेरिकेतल्या मिनेसोटातून निघालेला एक लांडगा सरळ रेषेत ८८६ किलोमीटरवर कॅनडात सापडला होता. नॉर्वे-स्वीडनच्या सरहद्दीवरची एक मादी सरळ रेषेत जवळजवळ अकराशे किलोमीटरवर फिनलंडच्या ईशान्य भागात पोचली. बहुतेकांची मजल एवढी नसते, पन्नास-शंभर किलोमीटरमध्येच त्यांचं नशीब ठरतं.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो स्लोव्हेनियातला स्लाव्ह्त्स. जुलै २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्याला कॉलर लावली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये त्यानं घर सोडलं. महामार्ग ओलांडले, थंडीत द्रावा नदी ओलांडली, ऑस्ट्रियाच्या आल्प्स पर्वतातून भर हिवाळ्यात बर्फ तुडवत तो इटलीत उतरला आणि २०१२ च्या वसंतात व्हेरोना शहराच्या वर लेसिनियाच्या कुरणात येऊन थांबला. हजार किलोमीटरहून जास्त चाल झाली होती. ज्या रानात तो थांबला तिथे दीडशे वर्षांत लांडग्यांचा कळप राहिला नव्हता. आणि तिथेच, त्या एवढ्या मोठ्या डोंगरात, एक एकटी मादी फिरत होती. ती पश्चिमेकडून आली होती, इटलीच्या वंशातली. तो पूर्वेकडचा, बाल्कनच्या बाजूचा. या दोन वंशांची गाठ कितीतरी पिढ्या पडलेली नव्हती. लोकांनी तिला जुलिएट म्हटलं. २०१३ मध्ये त्यांना पहिली पिल्लं झाली. पुढच्या वर्षांत त्या भागात कळपामागून कळप उभे राहिले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री बराच वेळ नकाशा उघडून बसलो होतो. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. वास, पावलांच्या खुणा, बर्फावरची लघवी, एवढ्या शिदोरीवर त्यांनी एकमेकांना शोधलं.

त्याच सुमाराला अमेरिकेत ओरेगनमधल्या इम्नाहा कळपातला एक नर, क्रमांक सात, सप्टेंबर २०११ मध्ये निघाला आणि डिसेंबरअखेर कॅलिफोर्नियात शिरला. १९२४ नंतर त्या राज्यात नोंदलेला तो पहिला रानटी लांडगा. त्याला जोडीदार मिळायला आणि पिल्लं व्हायला २०१४ उजाडलं. जवळजवळ तीन वर्षं.

दोन एकटे भेटले की काय होतं, हे रानात पाहायचं तर खुणा पाहाव्या लागतात. दोघं बरोबर चालायला लागतात. आता ते लपत नाहीत. वाटेच्या वळणावर, दगडावर, झुडपावर दोघंही एकाच जागी लघवी करतात, नर पाय वर करून, मादीही पाय उचलून, आणि मग मागच्या पायांनी माती खरडतात. नवी जोडी अशा खुणा जुन्या कळपापेक्षाही जास्त करते, कारण तिला दोन गोष्टी एकदम सांगायच्या असतात. आम्ही एकमेकांचे आहोत आणि हे रान आमचं आहे. मग हाळीही सुरू होते.

आपल्याकडच्या लांडग्याचा हंगाम उत्तरेकडच्या लांडग्यांपेक्षा वेगळा आहे. आपल्या माळावर पावसाळा सरल्यावर जोडी जुळते, साधारण दोन महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, पिल्लं होतात. गुहा लागत नाही. नाल्याच्या दरडीत, बोरी-करवंदीच्या जाळीखाली, एखाद्या साळिंदराच्या किंवा खोकडाच्या जुन्या बिळात सोय होते. चार-पाच पिल्लं. पहिल्या वर्षी मदतीला कोणी नसतं, मोठी मुलं अजून जन्मलेलीच नसतात. मादी बिळापाशी असते तेव्हा नर रात्रभर फिरतो आणि पोटात भरून आणलेलं मांस पिल्लांपुढे ओकून टाकतो. हे वर्ष निभावलं तर पुढच्या वेताच्या वेळी ही पिल्लं राखणीला उभी राहतात. तेव्हा तो खरा कळप. आपल्याकडे कळप मोठे होत नाहीत, पाच-सहा-सात जण खूप झाले. आणि त्यातली दोन पुन्हा वयात येऊन निघून जातात.

नवा कळप नेहमी अशाच वाटेनं उभा राहतो असंही नाही. कधी एखादा मुलगा लांब जातच नाही, आईबापांच्या हद्दीच्या कडेचा तुकडा धरतो, बाहेरून आलेल्या मादीबरोबर तिथेच राहतो आणि हळूहळू हद्द वाढवतो. कधी मोठा कळप दोन भागांत फुटतो. आणि कधी एकटा लांडगा दुसऱ्याच्या उघड्या पडलेल्या घरात शिरतो. हा शेवटचा प्रकार सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात कॅनडाहून लांडगे आणून सोडले. त्यांतला दहा क्रमांकाचा नर लवकरच गोळीला बळी पडला. त्याची मादी, नऊ क्रमांकाची, त्याच सुमाराला व्याली, आठ पिल्लं. एकट्या मादीनं आठ पिल्लं जगवणं शक्य नव्हतं, म्हणून माणसांनी तिला पिल्लांसकट पुन्हा कुंपणात आणलं. शरद ऋतूत त्यांना सोडलं तेव्हा एक वर्षा-दीड वर्षाचा पोरगेला नर त्यांना येऊन मिळाला. आठ क्रमांकाचा. आपल्या भावांमध्ये तो सगळ्यात लहान होता आणि भाऊ त्याला फार छळायचे. तो त्या आठ पिल्लांचा बाप झाला. त्यांतल्या कोणातही त्याचं रक्त नव्हतं. त्या पिल्लांपैकी एक पुढे एकवीस क्रमांकाचा नर म्हणून नावाजला. तो १९९७ च्या अखेरीस घर सोडून निघाला, आणि शेजारच्या ड्रुइड कळपाचा नर मारला गेला होता तिथे गेला. तिथेही दुसऱ्याची पिल्लं होती. त्यानंही ती आपली म्हणून वाढवली. सावत्र बापानं वाढवलेला पोरगा सावत्र बाप झाला. लांडग्यांच्या दुनियेत अशी घरंही उभी राहतात, हे जगाला सांगायला हवं असं मला नेहमी वाटतं.

आता उलट बाजू. एकटा लांडगा येणंच बंद झालं तर? उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथे १९५८ पासून लांडग्यांचा अभ्यास अखंड चालू आहे. लांडगे तिथे बर्फ गोठलेल्या हिवाळ्यात चालत पोचले होते. पुढे बर्फाचे पूल कमी कमी होत गेले आणि बाहेरून कोणी येईना. आपसांतच जोड्या होत राहिल्या, पाठीच्या कण्यात जन्मजात दोष दिसू लागले. १९९७ मध्ये एक नर बर्फावरून आला आणि काही काळ त्या वंशाला बळ मिळालं. त्यानंतर पुन्हा बंद. २०१६ पर्यंत बेटावर दोन लांडगे उरले होते, नर आणि मादी, बाप आणि मुलगी. त्यांच्यापासून पुढे काही होणार नव्हतं. शेवटी २०१८ आणि २०१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले. याच्या अगदी उलट घडलं स्कॅन्डिनेव्हियात. तिथे दहाहून कमी लांडगे उरले असताना १९९१ मध्ये पूर्वेकडून एक एकटा नर चालत आला, त्यानं जोडी केली, आणि तिथून त्या सगळ्या प्रदेशातले कळप वाढायला लागले. एक फिरस्ता. तो रस्त्यात मारला गेला असता तर?

हा प्रश्न मी आमच्या शिवाराकडे पाहून विचारतो. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आमच्या जवळ आहे, क्षेत्रफळ सुमारे अठरा चौरस किलोमीटर. आपल्या माळावरच्या एका कळपाला शे-दोनशे चौरस किलोमीटर रान लागतं. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत एक कुटुंबही मावत नाही. आपल्याकडचा लांडगा राखीव जंगलात फारसा जगतच नाही, तो आपल्या ई-क्लासवर, पांदणींत, नाल्यांत, पडीक वावरांत जगतो. अख्ख्या देशात आपल्या या माळावरच्या लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार धरतात. वाघांचा २०२२ सालचा सरासरी अंदाज ३६८२ आहे. लांडगा वाघापेक्षा कमी आहे हे पारावर सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. पण त्याच्यासाठी कोणी जिप्सी घेऊन येत नाही.

आमच्या शिवारातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. दोन्ही बाजूंनी बंदिस्त, भरधाव. जनावरांसाठी त्याखालून आणि वरून वाटा केल्या आहेत, हे चांगलंच केलं. पण वयात आलेल्या लांडग्याला ती वाट सापडायची तर त्या वाटेच्या दोन्ही तोंडांशी झुडूप हवं. नांगरट आणि ढाबा असून चालणार नाही. मधे रात्रभर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतात. त्या लांडग्याला पळवतात, रोग देतात, आणि जोडीदार न मिळालेला एकटा लांडगा कधी कुत्रीशी जोडी करतो. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच रंगाचं जनावर दिसलं, त्याच्या केसांची जनुकीय तपासणी झाली आणि त्यात कुत्र्याचं रक्त निघालं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आमच्यापर्यंत ते यायला वेळ लागणार नाही. लांडगा संपायला गोळीच लागते असं नाही. त्याला त्याची भेटली नाही, एवढंही पुरतं.

मागच्या दिवाळीनंतर मामांनी मला पांदणीत बोलावून नेलं. मुरमाच्या वळणावर माती खरडलेली होती, शेजारी दोन आकारांचे ठसे. “पाह्य,” मामा म्हणाले, “आता दोघं झाले.” त्यांच्या आवाजात काळजी होती आणि आणखी काहीतरी होतं, ज्याला मी आनंदच म्हणेन. त्या रात्रीपासून त्यांनी मेंढ्यांची जाळी उंच केली, कोकरं आत घेतली, मुलाला दोन रात्री जास्त जागवलं. कोकरू गेलं तर मामांचंच जाणार, माझं नाही. म्हणून नुकसानभरपाईचा पंचनामा वेळेत व्हावा, रक्कम महिनोन् महिने अडकू नये, हे मी लांडग्याच्या बाजूनंच मागतो. धनगर टिकला तर लांडगा टिकेल.

अडचण अशी की ज्या टेकाडाजवळ ते ठसे दिसले, ती ई-क्लास जमीन आता गावाच्या चर्चेत आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी तिथे वृक्षलागवडीचे खड्डे खणायचा प्रस्ताव येतो. गवताच्या माळाला झाडांची गरज नसते, तिथली निम्मी रोपं उन्हाळ्यात मरतात आणि गवत मात्र मशीनखाली जातं. दुसरा प्रस्ताव आहे सौर पॅनेलचा, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला. त्यातून शेतीला दिवसा लाईन मिळेल. मी रात्री पाणी देणारा माणूस आहे, सापाच्या भीतीनं बॅटरी दाताखाली धरून पाण्याच्या व्हॉल्व्हची चाकं फिरवली आहेत, मला दिवसाची लाईन हवी आहे. या योजनेला मी विरोध करणार नाही.

पण उपकेंद्राच्या बाजूची सपाट जागा आणि नाल्याच्या वरचं टेकाड, या दोन वेगळ्या जागा आहेत. पॅनेल सपाटीवर बसवा. टेकाडावर खड्डे नकोत, कुंपण नको, उन्हाळ्यात गवत पेटवणं नको, आणि डिसेंबर ते मार्च तिथे जेसीबी नको. एक मेच्या ग्रामसभेत मी हे लेखी देणार आहे, गट क्रमांकासकट. मामा सही करणार आहेत. आणखी सह्या हव्या आहेत. शेजारच्या गावांतल्या लोकांना माझी विनंती आहे की तुमच्याही शिवारात असं टेकाड असेल, तर त्याचा गट क्रमांक आताच काढून ठेवा.